फितुराच्या मागावर

त्या सकाळी आम्ही नेहमीसारखेच कामाला निघालो होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी आधी होडीत चढले, तो मागून चढला आणि चढता चढता माझ्या जेवणाच्या डब्यावर त्याने पाय दिला. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, चपटा झाला की पिशवीत नीट बसेल." असा तो. बायकोचे दिवस भरत आले होते, तरी ह्याचं पोरपण काही संपत नव्हतं.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्या तलावात कार्प मासे माजले होते. कोणीतरी कधीतरी हौसेने आणून सोडले आणि ते तिथलेच मालक होऊन बसले. कार्प काही राक्षस नव्हे. पण तो चिखलात तोंड खुपसून खातो, पाणवेली मुळासकट उपटतो, तळ ढवळून ठेवतो. पाण्यात उजेड शिरत नाही, मूळच्या माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात. लहानपणी आम्ही होडीतून वाकलो की तळाचे शिंपले दिसायचे. आता कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नव्हती.

एवढ्या मोठ्या तलावात कार्प शोधायचे कुठे? त्याला एक युक्ती आहे. थंडी पडली की ते सगळे एका जागी घोळका करतात. जागा दरवर्षी बदलते, ती फक्त त्यांनाच ठाऊक. मग आम्ही काही कार्प पकडतो, एकेकाच्या पोटात बोटाच्या पेराएवढा ट्रान्समीटर ठेवून टाके घालतो आणि सोडून देतो. एकटं राहणं त्याला जमत नाही. तो आपल्या माणसांकडे जातो, म्हणजे आपल्या माशांकडे, आणि आम्ही रिसीव्हरवर त्याची टिकटिक ऐकत मागे जातो. घोळका सापडला तरी घाई करायची नाही. पुरता जमू द्यायचा. मग मोटर बंद करायची, आणि जाळं.

जाळ्यात सापडले की सगळे संपतात, तो एक सोडून. त्याला हाताने अलगद उचलायचं, तडफडू नये म्हणून डोळ्यांवर ओलं फडकं ठेवायचं आणि परत पाण्यात सोडायचं. उरलेले शोधायला तो लागतोच ना! आम्ही त्याला फितूर म्हणायचो. धाकट्याला तो शब्द मुळीच आवडत नसे. "त्याला बिचाऱ्याला काय माहीत, ताई? तो आपला घरी चाललेला असतो."

त्या सकाळी धुकं एवढं होतं की होडीचं पुढचं टोक मागून दिसत नव्हतं. मी वल्हवत होते, धाकटा अँटेना फिरवत होता. फितुराची टिकटिक डावीकडून येत होती, आणि तिच्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. पाखरंसुद्धा गप्प होती. तेवढ्यात त्याचं कोपर बटणाला लागलं आणि चॅनेल बदलला. प्रत्येक ट्रान्समीटरचा चॅनेल वेगळा असतो, म्हणून तर कोण बोलतंय ते कळतं. आता लागला होता तो रिकामा चॅनेल होता. आमचा एकही मासा त्याच्यावर नव्हता.

टिक... टिक...

"हा कोण गं?" तो हळूच म्हणाला.

"कोणी नाही. रिकामा आहे तो."

आमच्या माशांची टिकटिक लगबगीची असते. ही सावकाश होती, घाई नसल्यासारखी. त्याने अँटेना इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग पाण्याकडे धरली, अगदी होडीच्या खाली, आणि आवाज मोठा झाला. नंतर अँटेना न हलवताच आणखी मोठा झाला. आमच्या तलावाला गाळाचा उग्र वास असतो. त्या क्षणी तो नाहीसा झाला आणि थंडगार, स्वच्छ पाण्याचा वास आला. लहानपणी यायचा तसा.

धाकटा बघायला वाकला, आणि गेला. पडला असं म्हणवत नाही, कारण पाणी उडालंच नाही.

मी मागचापुढचा विचार न करता उडी मारली. गारठा आठवतो. त्याची कॉलर माझ्या मुठीत आली ते आठवतं. मग माझ्या डोळ्यांवर काहीतरी ओलं, मऊ येऊन बसलं. त्याचा सदरा असेल असं मला वाटलं. पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघं होडीत शेजारी शेजारी निजलेलो होतो. धुकं गेलं होतं, सूर्य मावळत होता आणि आमचे कपडे कोरडे होते.

घरी आम्ही यातलं काही बोललो नाही. आईचं हृदय आधीच नाजूक, आणि भावजय अशा अवघडल्या दिवसांत. मी त्यांच्याच घरी राहायचे, लग्नबिग्न मी केलं नाही, तेव्हा ते घर हेच माझं सगळं. "उशीर का केलात?" म्हणून आईने दोघांची हजेरी घेतली, आम्ही माना खाली घालून जेवायला बसलो. रिसीव्हर भिजला की काय ते बघावं म्हणून मी तो टेबलावर ठेवून चालू केला. अजून त्याच रिकाम्या चॅनेलवर होता.

टिक... टिक...

माझा घास हातातच राहिला. अँटेना समोर बसलेल्या धाकट्याकडे वळवली. आवाज खोलीभर झाला. भिंतीकडे वळवली तरी तेवढाच. पण बंद खोलीत आवाज भिंतींवर आपटून चहूकडून येतो, आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल. धाकटा हात धुवायला उठला, तशी मी घाईघाईने रिसीव्हर बंद केला. जे कळायचं ते कळलं होतं. मला आणखी ऐकवत नव्हतं.

"बिघडलंय का गं?" भावजयीने विचारलं.

"हो... ओल गेलीय आत."

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. आम्ही चौघं एकत्र बसलो की न्हाणीच्या मोरीतून गुरगुर ऐकू यायची, आणि तो थंड, स्वच्छ वास. फरशीवर ओल धरायची, तीही आम्ही बसलेलो असू तिथेच, आमच्याभोवती गोल. आई म्हणायची नळ गळतोय. प्लंबर येऊन गेला, पैसे घेऊन गेला, त्याला काही सापडलं नाही.

मला नावाडीकाकांची आठवण झाली. गेल्या हिवाळ्यात ते तलावात पडले होते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या होडीत निजलेले सापडले होते. पुढे ते लेकीच्या घरी जेवायला गेले. घरात बरीच मंडळी होती. त्या दिवसापासून ती मंडळी कोणालाच दिसली नाहीत. सगळे मिळून नौकाविहाराला गेले आणि बुडाले, असं ठरवून लोक मोकळे झाले. मी पलीकडच्या काठावर त्यांच्या झोपडीपाशी गेले. त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

"तिथूनच बोल, पोरी. जवळ येऊ नकोस."

"काका, त्या दिवशी काय झालं?"

"काय होणार... सगळे हसत होते. माझी लेक वाढत होती. मोरीतली गुरगुर एकाएकी थांबली बघ. मग माझ्या डोळ्यांवर काहीतरी ओलं आलं. अगदी मायेने ठेवावं तसं. ते निघालं तेव्हा मी खुर्चीवर होतो... आणि घरात कोणी नव्हतं."

"तुम्हालाच का सोडलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तुमच्या त्या माशाला का सोडता?"

त्याच संध्याकाळी मी धाकट्याला अंगणात बोलावून सगळं सांगितलं. आधी तो हसला. माझं तोंड बघून हसू विरलं.

"म्हणजे... मी फितूर?"

"तुझा काय दोष त्यात?"

"आणि घोळका म्हणजे आई, ही..." आतून भावजयीचा आवाज आला, जेवायला चला म्हणून. तो तिथेच उभा राहिला. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्या घटकेला त्याला जवळ घ्यावं असं फार वाटलं, आणि मी घेतलं नाही. मला त्याचीच भीती वाटत होती.

टेकडीवर वणव्यावर नजर ठेवायला बांधलेली एक खोली आहे. दुसऱ्या दिवशी तो तिथे राहायला गेला. ट्रान्समीटरचा सेल कधी ना कधी संपतोच, एवढीच आम्हाला आशा. रिसीव्हर मी त्याच्याबरोबर दिला आणि बजावलं, "ह्याच चॅनेलवर ठेव. बटणाला हात लावू नकोस. आवाज बंद झाला की मला कळव, मग घरी यायचं."

भावजयीला सांगितलं, साहेबांनी वर कामाला पाठवलंय. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. "दिवस भरलेत माझे, आणि तुम्ही साहेबांना एका शब्दाने अडवलं नाहीत," एवढंच एकदा म्हणाली. मी ऐकून घेतलं. दिवसभर तलावावर राहायचे, घरी निजण्यापुरती यायचे. मोरीचा वास कमी झाला असं स्वतःला पटवत होते. आठवड्याचं सामान टेकडीच्या पायथ्याशी एका दगडावर ठेवून, धाकट्याला न भेटता परत फिरायचे.

मुलगी झाली. दुपारची वेळ, घर माणसांनी फुललेलं. मावशी, भावजयीचे आईवडील, शेजारपाजारचे. बाळ हातोहात फिरत फिरत माझ्याकडे आलं. नाक थेट धाकट्याचं. त्या लगबगीत फोन वाजला. तोच होता.

"ताई, यंत्र गप्प आहे!"

"काय सांगतोस! कधीपासून?"

"अगं, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं बिघडलंय, म्हणून बंदच करून ठेवलं होतं. काल सहज चालू केलं, तर एकदम वाजायला लागलं. मी खिडकीतून पाहिलं तर तू खाली दगडावर सामान ठेवत होतीस. तू गेलीस आणि परत गप्प."

मला इतका आनंद झाला की त्याच्या बोलण्याचा अर्थच डोक्यात शिरेना. "मग ये की घरी! तुझ्यात काही नाही! मुलगी तुझ्यावर गेलीय रे..."

तो अगदी हळू म्हणाला, "ताई... तू आत्ता कुठे आहेस?"

"घरी."

"घरात कोण कोण आहे?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे होते. कोणी बसलेले, कोणी उभे, सगळे हसत होते, आणि सगळ्यांच्या पायांखाली फरशी ओली झाली होती. मोरी सकाळपासून गुरगुरत होती. ती थांबली.

मी बाळ आईच्या हातात दिलं. आई विचारत होती, "अगं, अशी पांढरीफटक का पडलीस?" अनवाणीच दाराबाहेर पडले आणि पळत सुटले. रस्त्याच्या वळणावर थांबून मागे पाहिलं. खिडकीत माणसं हलत होती, बाळाचं रडणं ऐकू येत होतं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

टेकडीच्या वाटेवर आम्ही अदलाबदल केली. तो दूरवर रिसीव्हर ठेवून बाजूला झाला, मी वर गेले. तो रडत होता. "ताई, मी रोज येईन," म्हणाला. मी म्हटलं, "रोज नको, बायकोचं ऐक जरा, आणि बाळाला खोकला झाला तर लगेच डॉक्टरकडे जा."

खोलीत मी आणि ती टिकटिक. त्या दिवशी जेवताना भिंतींना बोल लावला होता मी, आणि ती माझ्याच आत वाजत होती. लग्न न केलेल्या माणसाला एकटेपण जड जात नाही असं लोक समजतात. माझी माणसं खालीच होती, दिव्यांवरून त्यांचं घर ओळखता येत होतं. पण ती सुखरूप आहेत म्हणून मी सहन करत होते. धाकटा खरंच रोज यायचा, दगडापाशी उभा राहून ओरडून खबर द्यायचा. बाळ हसलं. आईचं गुडघ्याचं दुखणं बरं आहे. भावजयीला सगळं सांगितलं, ती तुझ्यासाठी रडली.

एके दिवशी तो नवा सदरा घालून आला. "आज सगळे परत जमलेत, ताई. त्या दिवशी तुझ्यामुळे अर्धे घाबरून निघून गेले ना! आज ह्या बाजूचे, त्या बाजूचे, झाडून सगळे आलेत. मी पळतो, वाट बघतायत."

"जा, जा. माझा आशीर्वाद सांग बाळाला."

तो उतरू लागला. मी दारात बसून बघत होते. रिसीव्हर मांडीवर होता. स्वतःचीच टिकटिक ऐकून कान किटले होते, म्हणून सहज, काही मनात नसताना, बटण एक घर पुढे फिरवलं.

टिक... टिक... टिक...

मी आवाज ऐकला आणि समजून घ्यायला मन तयार होईना. अँटेना उचलली. डोंगराकडे धरली, काही नाही. आकाशाकडे, काही नाही. पायवाटेकडे धरली, आणि आवाज खणखणीत झाला. धाकट्याचा नवा सदरा झाडांतून खाली खाली जात होता, तसतशी टिकटिक बारीक होत होती. वळणावर तो दिसेनासा झाला आणि आवाज तुटला.

प्रत्येकाचा चॅनेल वेगळा असतो. जन्म गेला माझा ह्या कामात. त्याला एकाच चॅनेलवर बसवून मीच सांगितलं होतं, बटणाला हात लावू नकोस.

मी हाका मारल्या. मागे धावायचं म्हटलं तर मी खाली गेले की दोघं एका घरात, ते तर आणखी वाईट. फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. गोंगाटात कोणाला ऐकू जाणार? लावतच राहिले. शेवटी आईने उचलला. "अगं, बोल ना, इकडे नुसता गोंधळ आहे! हा बघ, आत्ताच आला तुझा लाडका..."

"आई, त्याला बाहेर काढ! आई, सगळ्यांना सांग, आत्ताच्या आत्ता घर..."

"काय म्हणतेस? ऐकू येत नाही गं... थांब हं, जरा शांत झालंय आता."

खरंच शांत झालं. एकाएकी. आईचा श्वास ऐकू येत होता, मग तोही नाही. फोन कुठेतरी ठेवल्यासारखा आवाज झाला, खाली पडल्यासारखा नाही, हलक्या हाताने ठेवल्यासारखा. मी फोन कानाशी दाबून बसून राहिले. बऱ्याच वेळाने कोणीतरी तो उचलला.

"ताई?" धाकटा होता. लहानपणी झोपेतून उठल्यावर बोलायचा तसा आवाज. "ताई, सगळे कुठे गेले गं? ताटं वाढलेली आहेत... पाळणा हलतोय, पण त्यात..."

मी दारातून खाली घराकडे पाहिलं.

"मी येऊ का तुझ्याकडे?"

ये म्हणाले. त्याला दुसरीकडे कुठे जागा होती?

तो आला, आणि आता आम्ही दोघं इथे राहतो. तो फारसं बोलत नाही. खालच्या वस्तीतले दिवे त्यानंतर हळूहळू कमी होत गेले. कोणाकोणाच्या घरात काय झालं, आणखी कोण कोण तलावात पडून परत आलं होतं, ते आम्ही विचारायला गेलो नाही. तलाव मात्र वरून स्वच्छ दिसतो. पाणी असं नितळ झालंय की भर उन्हात तळ दिसतो, पाणवेली परत आल्यात, त्यांच्यामधून मूळचे बारके मासे चमकतात. एवढ्या वर्षांत आम्हाला जे साधलं नाही ते एका हिवाळ्यात झालं. तळाशी होड्या नाहीत, माणसं नाहीत, काहीच नाही. मी दुर्बिणीतून तासन्‌तास पाहिलंय.

भीती आता तलावाची वाटत नाही. परवा दुपारी मी भांडी घासत होते. घाटाच्या रस्त्यावर एक बस बंद पडलेली खिडकीतून दिसली, माणसं उतरून झाडाखाली बसली होती, कोणीतरी गाणं म्हणत होतं. किती बरं वाटलं ते ऐकून. मग पायाला काटा टोचला म्हणून मी खाली पाहिलं. मी पायवाटेवर होते, जवळजवळ त्यांच्यापर्यंत पोचलेली, हाताला अजून साबणाचा फेस. आणि माझ्या पुढे, नवा सदरा घालून, धाकटा चालला होता.